बाबांचे दात आणि खालचं शेत

प्रिय खारू,

घाबरू नकोस, मी आणि बाबा दोघंही धडधाकट आहोत. पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते घाईघाईने फाडलं असणार, हे मला इथे बसून दिसतंय. घरात फोन असताना ताईला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, असंही तू म्हणशील. त्याला कारण आहे. ते ओघात सांगेन, पण आज ओघ सरळ नाही, कारण मी स्वतःच एका जागी नाही. शेडच्या पायरीवर बसून लिहितेय. माझ्या मागे सिमेंटच्या जमिनीवर गहू पसरलाय, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि तो सारखा फावड्याने खालीवर करावा लागतो, नाहीतर आतून तापतो. त्यामुळे चार ओळी लिहायच्या, उठायचं, फावडं मारायचं, घाम पुसत परत यायचं आणि आपण काय लिहीत होतो ते विसरायचं, असं चाललंय. मधेच एखादं वाक्य लंगडताना दिसलं तर सांभाळून घे.

यंदाचा उन्हाळा कसा होता ते तुला तिकडेही कळलं असेल. तुझ्या पोहण्याच्या तलावात खालून पाणी आणि वरूनही पाणी, मग पोरांना शिकवलंस तरी काय? इथे गहू पिवळा पडायला लागला आणि नेमकं तेव्हाच पावसाने ठाण मांडलं. धो धो पडून मोकळा झाला असता तर परवडलं असतं. हा तसला नव्हता. काही पाहुणे असतात ना, निघतो निघतो म्हणतात आणि दारात चपला घालून तासभर बोलत उभे राहतात, तसला. सकाळी उघडीप दिसली म्हणून मी ट्रॅक्टर ग्रीस द्यायला बाहेर काढावा, आणि ग्रीसचा डबा उघडेपर्यंत परत भुरभुर सुरू. कपडे वाळत नव्हते, लाकडाची दारं फुगली, माझ्या बुटांच्या आत पांढरी बुरशी आली. बाबा खिडकीशी उभे राहून आभाळाला रोज नवीन शिवी द्यायचे. पन्नास वर्षांचा साठा आहे त्यांच्याकडे, एकही शिवी दोनदा ऐकली नाही.

वरचं शेत उताराचं, तिथलं पाणी निघून गेलं. खालच्या शेताचं मात्र बघवत नाही. ओंब्यांचा सोनेरी रंग जाऊन त्या राखेसारख्या झाल्यात, हातात चोळल्या की बोटं काळी होतात. ओढ्याकडचा पट्टा पार लोळलाय, आणि लोळलेल्या गव्हाला ओंबीतच कोंब फुटलेत. दिसायला इतके गोजिरवाणे, हिरवे, नखाएवढे, की क्षणभर कौतुक वाटतं आणि मग आपलं आपल्यालाच चपराक मारावीशी वाटते. कोंब आलेला गहू गिरणीवाला पिठासाठी घेत नाही. त्याचा पाव फुगतच नाही, आत नुसता चिकट गोळा राहतो, म्हणून तो माल जातो कोंबड्यांच्या पोटात. मधला मोठा भाग अजून ताठ उभा आहे, आणि आमचं सगळं वर्ष त्या मधल्या भागात उभं आहे. परवापासून ऊन पडलंय. दाणा वाळला की लगेच कापायचा. आधी कापला तर कोठीत तापून कुजणार, उशीर केला तर उभ्या उभ्या उगवणार. पुढच्या पावसाच्या आत ती मधली वेळ नेमकी कुठली, हे सांगणारा माणूस आमच्याकडे एकच आहे, आणि तो कोण हे तुला सांगायला नको.

थांब, फावडं मारून आले.

हां. तर तुला ते दुपारचं जाणं आठवतं का? तू इतकी लहान होतीस की गव्हात शिरलीस की तुझं फक्त डोकं दिसायचं. बाबा ओंबी तोडायचे, तळव्यावर चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचे आणि एक दाणा दाढेखाली ठेवून डोळे मिटून उभे राहायचे. ओला दाणा दबतो. अर्धवट वाळलेला फुटतो, पण बसक्या आवाजात. तयार दाणा कट्कन तुटतो, आणि तो आवाज म्हणे कानाला नाही, थेट कवटीला ऐकू येतो. मग ते दुसरा दाणा तुझ्या तोंडात घालायचे आणि तू पण डोळे मिटायचीस. तू गाल फुगवून इतके दाणे भरून घ्यायचीस की तेव्हापासून तुझं खारू झालं. आणि गंमत म्हणजे तुला खरंच यायचं. तुम्ही दोघं बांधावरून परत येताना न बोलता मान हलवायचात, आणि त्या मानेवर आजूबाजूची सगळी शेतं कापली जायची. हार्वेस्टरवाला तर पहिल्यापासून आपल्याच फाटकाशी मशीन लावून बाबांच्या शब्दाची वाट बघत बसतो.

मला कधी नेलं नाही असं नाही. तुझ्या आधी मलाच नेलं होतं. मी पहिलाच दाणा असा चावला की माझा दुधाचा दात हातात आला. रक्त बघून मी भोकाड पसरलं आणि बाबा पोट धरून हसले. तो दात तसाही हलत होता, गव्हाचा त्यात काही दोष नव्हता. पण बाबा म्हणाले, "हिला तेलाची कुपी द्या," आणि त्या दिवसापासून मी तेल, पट्टे, बेअरिंग आणि पंखे यांची झाले. मला ते आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू. आज या भागातलं कुठलंही मशीन मी नुसत्या आवाजावरून ओळखते. तरी तुम्ही दोघं दुपारचे खाली निघालात की मी पाना हातात घेऊन शेडच्या दारात उभी राहायची. तुझं लग्न होऊन तू शहरात गेलीस तेव्हा मला वाटलं, आता बाबा मला हाक मारतील. त्यांनी नाही मारली. एकटेच जायला लागले. आणि तुझा फोन आला की तुझ्याशी फक्त हवामान बोलायला लागले.

आता मूळ गोष्ट. वसंतात बाबांचे उरलेसुरले दात काढून नवी कवळी बसवली, ते तुला मी सांगितलं होतंच. दिसायला राजबिंडे दिसतात. फोटो काढायला सांगतात, पूर्वी साफ नाही म्हणायचे. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, या म्हणीला आपण हरवलं असं सगळ्यांना सांगत होते. आम्हीही हसत होतो. त्या कवळीचा आणि गव्हाचा काही संबंध असेल, असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. विचार कर, पन्नास वर्षं ज्या माणसाच्या दाढेवर शेतं कापली जातात, त्याच्या दाढा बदलल्या, आणि हे कुणालाच सुचलं नाही.

पावसाने पहिली उसंत दिली तेव्हा बाबा वरच्या शेतात गेले, दाणा चावला आणि मान हलवली. तयार. मला जरा लवकर वाटलं, पण मला कोण विचारतं? हार्वेस्टरवाल्याने वरचं शेत कापलं. त्याच शब्दावर ओढ्यापलीकडच्या काकूंचंही कापलं. काका गेल्यापासून त्या एकट्याच बघतात, आणि बाबांना विचारल्याशिवाय गवताची काडी कापत नाहीत. गहू कोठीत गेला. मी खालून हवा सोडायचा पंखा लावला, आवाज ऐकला, सुरळीत होता. नंतर एका सकाळी कोठीचं झाकण उघडलं तर आंबूस वाफ नाकात आली. आत कोपरापर्यंत हात घातला. खारू, गहू आजारी माणसाच्या कपाळासारखा गरम होता. आम्ही होता नव्हता तेवढा गहू बाहेर काढून इथे पसरला, तोच हा माझ्या मागे आहे. यातला बराचसा वाचला. पण बाबा कोठीशी उभे राहून सगळ्यांसमोर म्हणाले, "पंखा बंद पडला असणार. लक्ष नाही पोरीचं." हार्वेस्टरवाला जमिनीकडे बघायला लागला. मला वाटलं, असेलही. रात्रीत वीज गेली असेल, मला झोप लागली असेल. मी पंखा उघडून पुसून परत बसवला, आणि तो आधीही चांगलाच होता.

हार्वेस्टरवाल्याकडे ओलावा मोजायचं एक छोटं यंत्र आहे. मोठ्यांसमोर सिगारेट लपवावी तसं तो ते बाबांपासून लपवतो. कोठीचा प्रकार झाल्यावर मी एकटी असताना आला, टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाला, "ताई, गहू ओला होता. मी कापतानाच बघितलं होतं. पण तुमच्या बाबांनी मान हलवल्यावर मी कोण बोलणार?" त्याला चांगलं झाडावं असं मनात आलं, पण झाडायचं कुठल्या तोंडाने? तशीच उठून काकूंकडे गेले. त्यांच्या कोठीत पंखा नाहीच, जुनी आहे. वरचा थर ठीक दिसत होता, आत सगळं कुबट आणि गोळे झालेलं. बाबाही मागून आले. त्यांनी बाह्या सरसावून आत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. काकू म्हणाल्या, "पाऊसच तसा होता हो, त्याला कोण काय करणार?" आणि आम्हाला चहा केला. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर मला तो चहा गिळता आला असता. त्यांचा सगळा माल कोंबड्यांना गेला.

तोपर्यंत चूक झाली हे कळलं होतं, कशी झाली ते कळलं नव्हतं. ते जेवणाच्या टेबलावर कळलं. बाबा उकडलेला बटाटा खात होते आणि मला आवाज आला, कट्. उकडलेल्या बटाट्याचा. मी चमचा खाली ठेवला. पुढचा घास, परत कट्. वरची कवळी खालच्या कवळीवर आपटत होती. त्या तोंडात काहीही घाला, मऊ मेण घाला, आवाज तयार गव्हाचाच येणार. बाबा दाणा चावत होते आणि स्वतःचे दात ऐकत होते. मला आधी हसू आलं, इतकं की पाणी प्यायच्या निमित्ताने उठावं लागलं. मग नळाशी उभी राहिले तेव्हा हसू गेलं.

आले परत. हे पत्र नेणारा दुधाचा टँकरवाला येऊन जाईल या भीतीने जरा भराभर लिहिते, अक्षर सांभाळ.

सांगायचं कसं, तूच सांग. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आई गेल्यावर बाबांनी एक एक करून सगळं सोडलं. ट्रॅक्टर मी चालवते, बियाणं मी आणते, गिरणीवाल्याशी घासाघीस मी करते. त्यांच्याकडे राहिली ती ही एक मान. दुपारी बांधावरून येताना ती हलवायची आणि चार शेतांवरची माणसं कामाला लागायची. ती मी कशी काढून घेऊ? म्हणून मी आणि हार्वेस्टरवाल्याने एक शहाणपणा केला. बाबा रोज दुपारी खाली जाऊन यायचे आणि म्हणायचे, "उद्या चालू करा." आम्ही रोज काहीतरी काढायचो. पहिल्या दिवशी मी म्हटलं, पट्टा तुटलाय. मग तो म्हणाला, फाटकाशी चिखल आहे, चाकं रुततील. मग बेअरिंग गेलं. मग दुसरा पट्टा. दरम्यान आजूबाजूच्यांनी यंत्राने मोजून आपापलं कापायला घेतलं, आणि बाबांनी कुणाकडे बघितलंही नाही. मी दिवसभर येरझारा घालत होते. गहू ओला असताना बाबांपासून वाचवायचा, आणि वाळल्यावर मात्र क्षण चुकवायचा नाही, आणि हे सगळं त्यांना कळू न देता. मी खालच्या शेतात जाऊन यायची, शेडमध्ये फावडं मारायची, आभाळ बघायची, परत खाली जायची. झोपेतही पाय हलतात माझे.

काल दुपारी बाबा म्हणाले, "चल माझ्याबरोबर." आयुष्यात पहिल्यांदा, त्या दुधाच्या दातानंतर. मी पाना खिशात घालूनच गेले, हातांना सवय. बांधावर ते बसले, ओंबी तोडली, चोळली, फुंकर मारली. मग त्यांनी तोंडात हात घालून कवळी काढली, वरची आणि खालची, रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली, आणि दाणा हिरड्यांमध्ये धरून घोळवत राहिले. गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली. मी दुसरीकडे बघायला लागले. बऱ्याच वेळाने त्यांनी दाणा थुंकला आणि बोलायला लागले. दातांशिवाय शब्द नीट येत नव्हते, पण मला सगळं समजलं. काकूंच्या कोठीत हात घातला त्याच दिवशी मला कळलं, म्हणाले. तुझा पंखा चांगला होता हे तर आधीच माहीत होतं, तू बसवलेला पंखा बंद पडत नाही. मी विचारलं, मग सगळ्यांसमोर माझं नाव का घेतलंत? ते म्हणाले, "दुसरं कुणाचं घेणार?" आणि थोड्या वेळाने, "ते चुकलं."

आणि मग म्हणाले, पण तुम्ही काय केलंत? मी रोज "उद्या चालू करा" म्हणत होतो ते कशासाठी? तुमच्यापैकी कुणीतरी तोंडावर म्हणेल, बाबा, तुम्हाला आता कळत नाही, म्हणून. रोज नवा पट्टा तुटतोय. एवढे पट्टे त्या मशीनला आहेत तरी का? मी एकदा चुकलो, म्हणाले, आणि तुम्ही मला रोज दुपारी वेड्यात काढलंत. खारू, मला रडूही आलं आणि रागही आला. मी इतके दिवस त्यांना जपत होते आणि ते रोज माझी खोटी कारणं मोजत होते. मी म्हटलं, तुम्हीही तर बोलू शकला असतात. समोर गहू सळसळत होता. ओल्या गव्हाला तो आवाज नसतो, हे मला तेव्हा जाणवलं. उठताना त्यांनी कवळी परत बसवली आणि म्हणाले, "खारूला बोलाव. तिचे दात खरे आहेत."

मी तिथे उभी होते गं. माझी एक अक्कलदाढ सोडली तर सगळे दात जागेवर आहेत. माझेही खरेच आहेत.

आणि तुला एक सांगते जे अजून बाबांनाही सांगितलेलं नाही. हा जो गहू माझ्या मागे पसरलाय, तो ओलागच्च इथे आला आणि माझ्या फावड्याखाली दिवसेंदिवस वाळला. प्रत्येक वेळी फावडं मारून झालं की मी एक दाणा दाढेखाली ठेवते, डोळे मिटते, मनात अंदाज बांधते, आणि मग हार्वेस्टरवाल्याकडून मागून घेतलेल्या यंत्राने मोजते. पहिले काही दिवस माझा अंदाज बघून यंत्रालाही लाज वाटली असती. मग दबणारा आणि बसका फुटणारा वेगळा कळायला लागला. पंख्याचं बेअरिंग कोरडं झाल्यावर जसं हाताला आधी कळतं आणि कानाला नंतर, तसंच आहे ते. आज सकाळपासून मी एकदाही चुकले नाही. कुजायला निघालेल्या गव्हाने मला शिकवलं म्हण. मगाशी पत्र अर्धं टाकून खालच्या शेतात जाऊन आले, तेव्हाही चावून बघितला. अजून एक ऊन लागेल.

तर आता हे पत्र कशाला. हे बाबांनी लिहायला बसवलंय. "फोन नको," म्हणाले, "फोनवर ती पाऊसपाणी विचारते आणि ठेवून देते. नीट लिही. सकाळच्या पहिल्या गाडीने निघ म्हणावं. आणि मी सांगितलं असं लिहू नकोस." दुधाचा टँकरवाला हे आज संध्याकाळीच तलावावर येऊन तुझ्या हातात देईल. तेव्हा त्यांचा निरोप पोचला असं समज: ये, खालच्या शेताचा दाणा चावून बघ, तुझ्या शब्दाशिवाय ते मशीन आत सोडणार नाहीत. त्यांनी सांगितलं हेही मी लिहिलं, कारण या घरात खोटं पुष्कळ झालं. आता माझा निरोप. येऊ नकोस, खारू. पेरणीला ये, पोरांना घेऊन ये, महिनाभर राहा, मी तुझी सगळी नाटकं सहन करीन. पण उद्या येऊ नकोस. उद्या दुपारी हार्वेस्टरवाला बांधावर येईल, बाबा रस्त्याकडे बघत तुझी वाट पाहतील, आणि रस्त्यावर कुणीच दिसलं नाही की शेवटी त्यांना माझ्याकडे बघावं लागेल. मी चुकले तर यंत्र आहेच, गव्हाचं नुकसान होऊ देणार नाही. मला फक्त एकदा हवंय की मी दाणा दाढेखाली ठेवावा आणि बाबांनी डोळे मिटून माझ्या दातांचा आवाज ऐकायला उभं राहावं.

तुझीच,
ताई